काळ्या शाईआधीचं पुस्तक

गुरुवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात आलेल्या त्या म्हातारबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं नसतं, तर रविवारी मधलीनं आईच्या अर्जावर मुकाट्यानं सही केली असती. निदान धाकटी तरी पुढे आयुष्यभर असंच सांगत राहिली. मधलीला ते कधी पटलं नाही. तिचं म्हणणं, सही तिनं केलीच नसती. फक्त का करत नाही ते तिला सांगता आलं नसतं. आणि या घरात कारण न सांगता अडून बसणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नसे.

म्हातारबाईंना जवळचा नंबर काढून हवा होता. मधलीनं नेहमीचा अक्षरांचा तक्ता पुढे धरला, तर बाईंनी तो हातानंच बाजूला सारला.

"ते तक्ते-बिक्ते नकोत. मला हे वाचता यायला हवं." त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "नातीला वाचून दाखवते. चार वर्षांची आहे, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला की माझा हात धरते."

अक्षरांची उंची बघायला म्हणून मधलीनं मधलंच पान उघडलं, आणि तिचा हात तसाच राहिला.

समोर निळा समुद्र होता. तोच. उजव्या कोपऱ्यातून डावीकडे उतरत जाणारा, मध्येच गडद, मध्येच फिका. समुद्रातून वर आलेला तोच डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी तीच पिवळी होडी. फक्त या समुद्राला शिवण होती. काळे बारीक टाके होते, टाक्यांच्या ओळीच्या ओळी, आणि समुद्र जिथे संपत होता तिथे पलंगाचा लाकडी दांडा होता. डोंगर म्हणजे रजईखाली उभा केलेला कुणाचा तरी गुडघा होता. आणि होडी डोळे मिटून, शेपूट अंगाभोवती गुंडाळून झोपली होती. तिला मिशा होत्या.

खाली छापलं होतं: 'बाळाला ताप आला. बाळ दिवसभर पलंगावर झोपून राहिले.'

पंचवीस वर्षं मधली लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत आली होती. आता बरं दिसतंय की मघाशी? आता, की मघाशी? बरोबर भिंग बसलं की माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला पाठ होतं. ओठ किंचित उघडतात, मान जरा मागे जाते, जसं काही समोरचं जग एक पाऊल पुढे आलंय. आज तिच्याच डोळ्यांवर कुणीतरी न विचारता भिंग बसवलं होतं, बावन्नाव्या वर्षी. आणि तिला सांगता येईना, आता बरं दिसतंय की मघाशी.

"काय हो," म्हातारबाई म्हणाल्या, "तुम्हालाच दिसत नाहीये का?"

"दिसतंय. फार दिसतंय." तिनं पुस्तक जवळ ओढलं. "आजी, हे मला चार दिवस द्याल?"

"ते माझ्या हातात नाही," असं म्हणून त्यांनी नातीला फोन लावला. नातीनं बराच वेळ घेऊन परवानगी दिली. सोमवारी परत, आणि मांजराच्या पानाला हात लावायचा नाही.

*

मधलीच्या लहानपणी घरात चित्रांचं एक पुस्तक होतं; त्याला धुक्याचं पुस्तक म्हणत. त्यात एक अक्षर नव्हतं आणि एक रेघ नव्हती.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. तेव्हाच्या मशीनवर एका वेळी एकच रंग चढे. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, आणि सगळ्यात शेवटी काळा. रेघा काळ्यात, अक्षरं काळ्यात, डोळे-नाक-भुवया सगळं काळ्यात. काळा चढेपर्यंत चित्र म्हणजे नुसते एकात एक मिसळलेले ढग. ज्या संध्याकाळी निळा चढून झाला त्याच संध्याकाळी धाकटीच्या जन्माचा निरोप आला, आणि बाबा हातातलं टाकून धावले. तावांच्या गठ्ठ्यावर ताडपत्री टाकायची राहिली. सकाळपर्यंत कागदानं दमट हवा खाल्ली. ताव फुगले, किती, तर केसभर. पण छापखान्यात केसभर म्हणजे कोसभर. काळा कुठेच बसेना. गालाची रेघ उशीवर आणि उशीची रेघ भिंतीवर. आख्खा गठ्ठा रद्दीत गेला.

मालकांनी काय सुनावलं ते बाबांनी घरी कधी सांगितलं नाही. पण त्या रद्दीतले तीन ताव त्यांनी मागून घेतले. प्रत्येक तावाला घड्या घालून आठ पानांचा एक फर्मा केला. तीन फर्मे एकापुढे एक शिवले. आईनं जुन्या पडद्याचं कापड पुठ्ठ्यावर चिकटवलं. धाकटी अजून मिरवते, "माझ्या पायी छापखान्यात गोंधळ उडाला होता, तुमच्या पायी उडालाय कधी?"

आणि आई त्या धुक्यावर गोष्ट सांगायची. एक पिवळी होडी असते. ती घरची वाट विसरते. समुद्रात एक डोंगर झोपलेला असतो. त्याला उठवलं आणि त्याच्या खांद्यावर चढलं, की घर दिसतं. दीपगृह असतं, नारिंगी. तीन गुलाबी पक्षी असतात. शेवटच्या पानावर समुद्राच्या कडेला गोल, गुलाबी सूर्य उगवतो आणि होडी त्याच्या कुशीत जाऊन थांबते. होडी सूर्याच्या कुशीत कशी जाते, असं तिघा भावंडांनी कधी विचारलं नाही. स्वच्छ दिसत होतं की चित्रात.

बाबा गेले त्या वर्षी पुस्तक कुणी न्यायचं यावरून तिघांची जुंपली. जागा, सामान, भांडी, कशावरून ब्र निघाला नव्हता. या एका वस्तूवरून तीन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. चौथ्या दिवशी आईनं कात्री आणली, शिवण उसवली आणि एकेकाच्या हातात एकेक फर्मा ठेवला. थोरल्याला मधला, मधलीला पहिला, धाकटीला शेवटचा. पुठ्ठा स्वतःला.

"घ्या," ती म्हणाली होती. "आता गोष्ट पुरी करायला तरी एकमेकांकडे याल."

दहा वर्षांत गोष्ट पुरी करायला कुणी कुणाकडे गेलं नव्हतं.

*

रविवारी अकराला तिघं थोरल्याच्या घरी जमली. आतल्या खोलीत आई खिडकीशी पलंगावर होती. सात आठवड्यांपूर्वी मेंदूतली एक बारीकशी नस बंद पडली आणि तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाहेर टेबलावर शुश्रूषा केंद्राचा अर्ज, अर्जावर पेन आणि पेनावर थोरल्याचा हात.

थोरला लिफ्टचा मेकॅनिक. तीस वर्षं दर महिन्याला तपासणीचे कागद भरून त्याचं अक्षर चौकोनी झालेलं. अर्जही त्यानं तसाच भरला होता. बोलतात: नाही. माणसं ओळखतात: सांगता येत नाही. सांगितलेलं कळतं: नाही.

"दार ठीक, दोर ठीक, आई बंद," धाकटीनं वाचून म्हटलं.

"चिमणे, तोंड आवर."

धाकटी अठ्ठेचाळीस वर्षांची. शहरात बस चालवते आणि आडव्या येणाऱ्या ट्रकवाल्याला काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण या घरात ती चिमणीच. आधी ती थोरल्याच्या बाजूची होती. केंद्र तिच्या बसच्या वाटेवर होतं, तिनं आत जाऊन पाहिलं होतं, स्वच्छ होतं. "दोन मजले आहेत," तिनं सांगितलं. "खालच्या मजल्यावर ज्यांना कळतं ते. त्यांना बोलायला शिकवायला एक बाई येते, व्यायाम करून घेतात. वरच्या मजल्यावर..." ती थांबली. "वरच्या मजल्यावर खायला घालतात, पुसतात, कुशीवर वळवतात. चांगलं करतात तेही. पण शिकवायला तिथे कुणी जात नाही."

"आणि हा 'नाही' लिहिला की वरचा मजला," मधली म्हणाली.

"हो."

"आईला कळतं, दादा."

"कशावरून?"

"मला वाटतं."

"तुला दर रविवारी दोन तास वाटतं." थोरला हे रागावून म्हणाला नाही, तेच वाईट होतं. "हिला रोज वाटतं. हिला विचार."

वहिनी दारात उभ्या होत्या. कमरेला पट्टा, हातात आईचा ओला टॉवेल. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. या घरात त्याचा अर्थ असा होता की आता सगळ्यांनी ऐकावं. "ताई, रोज सकाळी चादर काढायची असते. रोज म्हणते, आई, डावा पाय उचला. डावा चांगला आहे, डॉक्टरांनी तपासलाय. हळू म्हणून पाहिलं, जोरात म्हणून पाहिलं. खुणेनं दाखवलं. एकही दिवस उचलला नाही त्यांनी. एकही दिवस. मग मी उचलते." टॉवेलाची घडी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली. "त्यांना कळत असतं आणि तरी उचलला नसता, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

मधलीनं पिशवीत हात घातला आणि म्हातारबाईंचं पुस्तक अर्जावर ठेवलं.

थोरल्यानं सवयीनं आधी शिवण पाहिली, मग पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग खुर्ची मागे सरकवून तो उभाच राहिला.

"हे कुठलं?"

"आपलं."

"आपल्यात अक्षरं नव्हती."

"काळा चढल्यावरचं आपलं."

धाकटी टेबलावर ओणवी झाली. मग तिच्या तोंडून बारीक चीं असा आवाज निघाला, चिमणीसारखाच. "माझी होडी... ताई, माझी होडी मांजर आहे?"

"झोपलेलं."

"आणि दीपगृह?"

"औषधाची बाटली."

"नको गं!" धाकटीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं. "पक्षी? माझे पक्षी तरी ठेव!"

मधलीनं पान उलटलं. काळा कोट घातलेले डॉक्टर हातात चमचा घेऊन पलंगाशी वाकले होते. काळा कोट, काळी पँट, काळी बॅग. एवढं सगळं काळं काढून घेतलं, तर उरत होते फक्त त्यांचा चेहरा आणि दोन हात. तीन गुलाबी ठिपके, हवेत.

वहिनीसुद्धा पुढे येऊन पाहू लागल्या. त्यांना या पुस्तकाबद्दल लग्नापासून एवढंच माहीत होतं, की त्याच्यावरून ही शहाणीसुरती माणसं वेड्यासारखं करतात.

"चमचा आपल्याकडे नव्हताच," थोरला म्हणाला. "चमचा सगळा काळ्यात गेला." त्यानं बोटानं त्या चमच्याला शिवून पाहिलं. मग बोट डोंगरावर गेलं, आणि तिथे ते बराच वेळ राहिलं. "म्हणजे बाबांना ठाऊक होतं."

मधलीच्या मनात गुरुवारपासून तेच होतं. गठ्ठा रद्दीत गेला तरी पुस्तक छापलं गेलंच होतं, नव्या कागदावर, त्याच मशीनवर, त्याच हातांनी. हजारो गुडघे, हजारो मांजरं बाबांच्या हाताखालून गेली होती. आणि संध्याकाळी ते दाराशी बसून, रॉकेलच्या बोळ्यानं नखांतली शाई काढत, आईचा समुद्र ऐकायचे.

"एकदाही नाही बोलले?" वहिनींनी विचारलं.

"एकदाही नाही."

"एकदा बोलले," थोरला म्हणाला. "मी विचारलं होतं. बाबा, डोंगराच्या आत काय असतं हो? तर म्हणाले, हाड."

तिघं हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. वर्षानुवर्षं रोज एक वाक्य जिभेवर धरून बसलेला तो माणूस तिघांनाही एकाच वेळी दाराशी दिसला असावा. मधलीला वाटलं, आपण बाबांना अबोल म्हणत आलो. अबोल कसले? केवढं बोलायचं टाळत होते ते.

*

आधी मधलीनं छापलेलं वाचून पाहिलं. आईच्या पलंगाशी स्टुलावर बसून, चित्र तिच्यासमोर धरून, दुकानात गिऱ्हाइकाला वाचून दाखवते तशा स्वच्छ आवाजात. बाळाने औषध घेतले. बाळाने हट्ट केला नाही. शहाणे बाळ लवकर बरे होते.

आईनं मान खिडकीकडे वळवली.

"कंटाळली," धाकटी म्हणाली. "मीही कंटाळले. हे लिहिलं कुणी? डॉक्टरनं?"

"मान रोजच वळवतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "उजेडाकडे."

मधलीनं म्हातारबाईंचं पुस्तक मिटलं आणि पर्समधून आपला फर्मा काढला. पातळ पुठ्ठ्यात जपलेला. पहिली आठ पानं. धाकटीनं जॅकेटच्या आतल्या खिशातून तिचा काढला. तो बसच्या वेळापत्रकात गुंडाळलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. दोघींनी थोरल्याकडे पाहिलं.

"माझा हरवला," तो म्हणाला. "घर बदललं तेव्हा. कधीच."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता बाहेर गेल्या आणि त्याची हत्यारांची पिशवी घेऊन आल्या. जड होती, एका हातानं कंबर धरून आणली. पलंगाशी ठेवली.

"काढा."

"अगं, त्यात लिफ्टचे..."

"नकाशे आहेत, ठाऊक आहे. दर रविवारी पाने-हातोड्या पुसायला बसता तेव्हा आधी ते नकाशे बाजूला ठेवता, मग हात धुऊन परत आत ठेवता. नकाशांना हात धुऊन कोण शिवतं हो?"

थोरला खाली बसला. पान्यांच्या खालून त्यानं मेणकापडाची चपटी पुडी काढली. कान लाल झाले होते. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मधलीनं प्रथमच पाहिलं. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकायला होतं कधीकधी," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "सुटे भाग येईपर्यंत बसून राहावं लागतं. टॉर्च असतोच."

कुणीही त्याला चिडवलं नाही. धाकटीनंसुद्धा नाही, आणि ही गोष्ट घरात पुढे बरेच दिवस बोलली गेली.

पुठ्ठा आईच्या उशाशीच होता. वहिनींनी त्यात तापाचे तक्ते आणि औषधांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. त्या त्यांनी काढून घेतल्या. तीन फर्मे एकापुढे एक बसले. दहा वर्षं तीन घरांत राहून त्यांचे रंग वेगवेगळे फिके पडले होते. थोरल्याचा समुद्र सगळ्यांत निळा राहिला होता, कारण त्यानं उजेड पाहिला नव्हता.

मधलीनं पहिलं पान उघडलं, आणि तिला पुन्हा ते झालं. डोकं म्हणत होतं, रजई. उशी. आजारी पोर. आणि डोळ्यांसमोर पाणी हलत होतं. तिला वाटलं होतं, एकदा रेघा पाहिल्या की धुकं कायमचं जाईल. गेलं नव्हतं. उलट आता त्या धुक्याच्या मागे आणखी एक बाई दिसत होती. तिशीतली, हातात पंधरा दिवसांचं तान्हं, शेजारी दोन पोरं, मांडीवर नवऱ्याच्या चुकीचे तीन ताव. आणि तिनं त्या डागांकडे पाहून म्हटलं होतं, एक होडी असते. काहीच नसताना. कुणी सांगितलं नसताना.

"एक पिवळी होडी असते," तिनं सुरुवात केली. "ती घरची वाट विसरते..."

"वाट विसरत नाही, वाट तिला विसरते," धाकटी म्हणाली.

"माझ्या पानांत मी सांगेन."

"मग बरोबर सांग!"

आईची मान अजून खिडकीकडेच होती. मधलीनं आठ पानं सांगितली. दीपगृह झालं, पक्षी झाले. दुपारच्या उन्हाची पट्टी आईच्या तपकिरी पांघरुणावर सरकत होती. मग थोरल्याची पानं आली. त्यानं चष्मा वर सारला, खाली घेतला, पुन्हा वर सारला.

"होडी डोंगराजवळ आली. डोंगर झोपला होता."

"दादा, लिफ्टमधल्या बाईसारखं नको सांगू. 'कृपया दारापासून दूर उभे राहा.'"

"तू सांग मग."

"डोंगर तुझा आहे. हाक मार त्याला."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. मग दाराकडे, जिथे वहिनी उभ्या होत्या. मग पुस्तकात तोंड खुपसून हळूच म्हणाला, "ऊठ डोंगरा."

काही नाही.

"दुसरी आमची," धाकटी म्हणाली. दोघींनी मिळून हाक दिली. "ऊठ डोंगरा!"

काही नाही. खिडकीबाहेर एक स्कूटर गेली. आता तिसरी. तिसरी हाक तिघांनी मिळून द्यायची, पण लगेच नाही. आई त्यांना थांबवायची. बोट ओठांवर ठेवून, फार फार वेळ. डोंगराला ऐकू यायला वेळ लागतो, म्हणायची. तो मोठा असतो. तिघंही थांबली. न ठरवता. मधलीनं श्वास धरलेला होता, आणि तिला दिसलं की आईनं मान वळवली आहे. खिडकीकडून आत. आईही थांबली होती.

"ऊठ डोंगरा!"

तपकिरी पांघरूण हललं. आधी मध्येच एक घडी मोडली. मग ती वर आली, थांबली, थरथरली, आणखी वर आली. हळूहळू, जसं काही खालून खरोखरच कित्येक वर्षांचं पाणी बाजूला सारत, आईचा डावा गुडघा पांघरुणाखाली उभा राहिला.

मधलीला तेव्हा सगळं एकदम आठवलं. पुस्तक नाही, पलंग. तापाचे दिवस. एका रजईखाली चौघं, आईच्या पोटावर टेकवलेलं पुस्तक, आणि तिसऱ्या हाकेला तो प्रचंड डोंगर पुस्तकाखालून उठायचा आणि होडी, पक्षी, दीपगृह सगळं त्यांच्या अंगावर घसरत यायचं. ते गोष्टीनं होतं असंच त्यांना वाटायचं. म्हणजे आईला दिसलं होतं का? एक रेघ नसताना, एक अक्षर नसताना, त्या निळ्या डागात तिला पहिल्या दिवसापासून गुडघा दिसत होता? की तिनं नुसतं पाहिलं की डोंगर उठायला हवा, आणि जवळ जे होतं ते उठवलं? हे आता कुणालाच कळणार नव्हतं. बाबांना कदाचित कळलं असेल. म्हणूनच ते गप्प बसले असतील.

गुडघा थरथरायला लागला तेव्हा सगळ्यांत आधी थोरला हलला. त्यानं पांघरुणाखाली तळहात घातला आणि गुडघ्याच्या मागे आधार दिला. "वर कुठलंही मशीन जातं," तो म्हणाला. "खाली येताना जपायचं असतं." आणि त्यानं तो पाय इंचाइंचानं खाली आणला.

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "समुद्र तपकिरी झालाय नुसता," ती म्हणाली. "बाकी सगळं जाग्यावर आहे."

मधली दाराकडे वळली, आणि तिला वहिनींचा चेहरा दिसला. तिथे आनंद होता, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

"माझ्यासाठी नाही उचलला," वहिनी म्हणाल्या. साध्या आवाजात. "सात आठवडे."

"वहिनी..."

"नाही, मी काही बोलत नाही."

थोरला उठला. बाहेर जाऊन त्यानं अर्ज आणला, 'सांगितलेलं कळतं' या ओळीवर पेन धरलं. "खाडाखोड चालत नाही त्यांना. नवा आणावा लागेल."

"आणू नको," मधली म्हणाली. ती बोलायला लागली तेव्हा तिलाच ठाऊक नव्हतं की ती हे बोलणार आहे. "शिकवायला येणारी ती बाई, ती घरी येते का विचार. माझ्या घरी. आई माझ्याकडे येईल. सहा महिने. रविवारी तुम्ही या तिथे दोन तास, आणि तुम्हाला काय वाटतं ते मला सांगा."

थोरल्याला ते लागलं, आणि ते बरोबर जागी लागलं हेही त्याला कळलं. त्यानं मान डोलावली.

"सकाळची पाळी मी," भिंतीकडून आवाज आला. "माझी बस नऊला निघते. त्याआधी चादर-बिदर मी बघेन."

"बघेन!" वहिनी म्हणाल्या. "चादर कशी काढतात ठाऊक आहे का तुला? बस वळवण्याइतकं सोपं आहे होय ते?"

"मग दाखवा ना."

वहिनी पलंगाशी आल्या. सवयीनं त्यांनी चादरीची कड सोडवली, सवयीनं तोंड उघडलं, 'आई, डावा पाय' एवढं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी मधलीकडे पाहिलं. मधलीनं पुस्तक पुढे केलं, डोंगराचं पान उघडून. वहिनींनी ते घेतलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि या घराच्या गोष्टीत त्यांना कुणी घेतलं नव्हतं; आता त्या दोन्ही हात चादरीवर ठेवून, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

"किती वेळा म्हणायचं असतं?"

"तीनदा," तिघं एकदम म्हणाली. "आणि तिसऱ्याच्या आधी थांबायचं."

"ऊठ डोंगरा," वहिनी म्हणाल्या. लाजल्या. "ऊठ डोंगरा."

मग थांबल्या. आई त्यांच्याकडे बघत होती. सरळ. पापणी न हलवता. खोलीत चार माणसं श्वास धरून होती आणि एक धरत नव्हतं. तिला घाई नव्हती. वहिनींचा हात चादरीवरून आपोआप वर गेला आणि बोट ओठांवर टेकलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"ऊठ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "डोंगरा."

पांघरुणाखाली समुद्र हलला. डोंगर उठला, मघापेक्षा बोटभर उंच, असं थोरला आजही शपथेवर सांगतो, आणि उंचीच्या बाबतीत तो चुकत नाही. धाकटीनं मधलीचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

"अगं, बघत काय उभ्या आहात?" वहिनी ओरडल्या. डोळे वाहत होते आणि दोन्ही हातांनी त्या चादर ओढत होत्या. "तिकडून धरा, तिकडून! डोंगर उभा आहे तोवर काढून घ्या!"